बरोबर कोण राहणार

लोर्ना: अजून एक ओगराळं पाणी टाक दगडांवर. मग सांगते.

किर्सी: आई, कान भाजतायत माझे.

लोर्ना: भाजू देत. तुझ्या आजोबांच्या सौन्यात, त्या वाफेच्या खोलीत, नाकातले केस करपायचे, आणि ते वर म्हणायचे, अजून तापला नाही.

किर्सी: टाकलं. सांग आता. वाचलास ना निबंध?

लोर्ना: दोनदा. एकदा चष्मा लावून, एकदा न लावता.

किर्सी: न लावता काय वाचलंस?

लोर्ना: केवढा आहे ते. बरा आहे. एका पानात बसतो, कोणी कंटाळणार नाही.

किर्सी: आणि चष्मा लावून?

लोर्ना: चांगला आहे गं. मला असं लिहिता आलं असतं तर कोस्कीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काउंटरवर बसले असते का? आजोबांच्या खोकल्याचं लिहिलंयस ते छान उतरलंय. खाणीचं जरा जास्त झालंय. पुलापलीकडच्या, दक्षिणेतल्या लोकांना वाटेल, आपण इकडे अजून घोड्यावरून फिरतो.

किर्सी: वाटू दे. उत्तरेकडच्या गावांतल्या मुलांसाठी मेडिकल कॉलेजने आठ जागा राखून ठेवल्यात. जितकं गाव आडबाजूला, तितकी जागा पक्की.

लोर्ना: मग घाल एखादा घोडा.

किर्सी: आई.

लोर्ना: बरं, राहिलं. पाठ कर इकडे, डहाळ्यांनी झोडपते. ह्या वर्षीची बर्चची पानं कशी मऊ आहेत बघ, झोडपल्याचं कळतसुद्धा नाही.

किर्सी: कळतंय.

लोर्ना: हाडं लागतायत तुझी. तिकडे शहरात काय खाता तुम्ही दोघी?

किर्सी: मासे. टेसा कामावरून आणते, माशांच्या उबवणी केंद्रातून.

लोर्ना: नुसते मासे खाऊन हाड झाकत नाही... किर्सी, त्या तीन ओळी.

किर्सी: कुठल्या?

लोर्ना: कुठल्या म्हणे! तुझा चेहरा दिसत नाही म्हणून इथे बोलतेय. स्वयंपाकघरात जमलं नसतं मला.

किर्सी: टेसाच्या.

लोर्ना: त्या काढ.

किर्सी: अख्खा निबंध त्या तीन ओळींसाठी आहे, आई. विचारलंय काय, तर डॉक्टर का व्हायचंय. टेसाचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा काउंटरवर मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, रूममेट. मग पाच तास बाहेर बसले, सोड्याच्या यंत्राशेजारी. तिला पेनिसिलीन चालत नाही हे मला माहीत होतं. उठून सांगायचं धाडस झालं नाही. वाटलं, म्हणतील रूममेटला हे सगळं कसं माहीत? आठवडाभर तिच्या अंगावर गांधी उठत होत्या. माणूस दवाखान्यात येऊन काय लपवतो आणि का लपवतो, हे मला तिथे कळलं. हे काढलं तर राहिलं काय? आजोबांचा खोकला.

लोर्ना: ‘ओळखीची एक रोगी’ असं लिही. ते खोटं नाही.

किर्सी: खरंही नाही.

लोर्ना: फॉर्मवर खरं-खोटं काही नसतं. भरलेलं असतं आणि रिकामं असतं. एकतीस वर्षं भरून घेतेय मी.

किर्सी: तिकडची माणसं बरी आहेत. उलट विचारतात, तुमचं वेगळेपण सांगा म्हणून.

लोर्ना: तिकडच्यांना हवं ते सांग. पण ह्या आठ जागांचा कागद आधी इकडे येतो ना, गावच्या समितीकडे? कोस्की आहे, पाद्रीबाबा आहेत, औषधांच्या दुकानातली जुडिथ आहे, हेडमास्तर आहेत, युनियनचा रे आहे. पाचांतल्या दोघांनी नाक मुरडलं की संपलं. तू सत्तावीस वर्षांची झालीस. दोनदा अर्ज करून झाला. तिसऱ्यांदा कोणी नाही म्हटलं तर काय करशील?

किर्सी: हे तुझं मत आहे.

लोर्ना: मत नाही गं. माहिती आहे.

किर्सी: तुला... वाचून काही वाटलं?

लोर्ना: मी काही म्हटलं का?

किर्सी: नाही.

लोर्ना: मग झालं तर.

किर्सी: काढते.

लोर्ना: रागावलीस?

किर्सी: नाही.

लोर्ना: रागावलीस तर रागाव, पण काढ. आणि टेसाला सांग, मोजे झाले विणून. डाव्याची टाच जरा सैल आहे, पायात घातली की बसेल. चल, तळ्यात एक बुडी मारू या. उद्या चर्चमध्ये कॉफीची पाळी माझी आहे, वेलदोड्याचा पाव भाजायचाय अजून. दार ओढून घे, वाफ जातेय.

*

टेसा: ही ताटली कोणाची? खाली चिकटपट्टी आहे, पण नाव धुऊन गेलंय.

किर्सी: निळ्या काठाची? जुडिथची असेल.

टेसा: बटाटा आणि चीज. ती पांढरी, बटाटा आणि चीज. ही तिसरी, बटाटा, चीज आणि वर चुरलेले वेफर्स. तुझी आई गेली आणि ताटल्या आणून देता देता गावातला बटाटा संपला.

किर्सी: हं.

टेसा: तू काही खाल्लंस?

किर्सी: हो.

टेसा: काय खाल्लंस?

किर्सी: आठवत नाही.

टेसा: आज अकरा दिवस झाले, किर्सी.

किर्सी: अकरा का? रविवार धरला तर अकरा. कॉफी ओतत होती. लोक म्हणतात, किटली आधी नीट टेबलावर ठेवली, मग खाली बसली, मग आडवी झाली. डोक्यात रक्तस्राव. मी इथे घरी झोपले होते. आदल्या दिवशी सौन्यात जाऊन आले, म्हणून.

टेसा: म्हणून नाही. रविवार होता म्हणून.

किर्सी: रविवार होता म्हणून.

टेसा: रडलीस एकदा तरी?

किर्सी: नाही येत. दाढ काढताना सुई देतात, मग आपलाच गाल हाताला लागतो आणि दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. तसं आहे. दुखत नाही. चावलं तरी कळणार नाही.

टेसा: हे पुसलेलं भांडं आहे. परत पुसतेयस.

किर्सी: असू दे.

टेसा: मी गुरुवारचा पेपर वाचला.

किर्सी: कुठे?

टेसा: कामावर. माशांच्या खाद्याची बादली ठेवली होती कोणीतरी त्याच्यावर. तुझ्या आईचा फोटो ओला झाला होता. खाली मागे राहिलेल्या माणसांची यादी. मागे बहीण अमुक, कंसात तिचा नवरा. त्याने तिला दोनदा सोडलं, तरी कंसात आहे. भाचा, कंसात एक मुलगी. ती त्याला जूनमध्ये भेटली! आणि ‘मुलगी किर्सी’. पुढे टिंब.

किर्सी: अंत्यविधीवाल्या नीलचा फोन आला होता. म्हणाला, किर्सीच्या नावापुढे कंसात कोणाला घालू? मी म्हटलं, कोणाला नाही.

टेसा: विचार केलास?

किर्सी: नाही. सवयीने म्हटलं. फोन ठेवल्यावर बटाट्याची ताटली घ्यायला दार उघडलं.

टेसा: सहा वर्षं झाली. मी रूममेट झाले, लांबची मावसबहीण झाले, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेली बाई झाले. मी काही बोलले नाही. पण पेपरात मी नाही, त्या निबंधातून तू मला काढलंस. मी आहे तरी कुठे?

किर्सी: स्वयंपाकघरात.

टेसा: ते दिसतंय. भांडी घासतेय.

किर्सी: टेसा, मला ना, आत्ता भांडता येणार नाही. भांडायचं असतं तर भांडले असते.

टेसा: भांडत नाहीये. हे घे. पत्रपेटीत होतं, चर्चच्या ऑफिसातून. वर चिठ्ठी आहे. ‘क्षमस्व. मी ब्लूबेरी तोडायला बहिणीकडे गेले होते आणि कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली. आर्डिस.’

किर्सी: शेवटचं पाकीट.

टेसा: म्हणजे?

किर्सी: चर्चमधल्या सगळ्या बायका लिहून ठेवतात. कोणती गाणी म्हणायची, कोणता झगा घालायचा, पेपरात काय छापायचं. आई गेल्यावर मी विचारलं होतं, तर कपाटाला कुलूप. मग मी आणि नीलने आपल्या मनाने केलं.

टेसा: उघड ना.

किर्सी: तू वाच. माझे हात ओले आहेत.

टेसा: ‘लोर्ना निएमी. वय नंतर भरावे. निळा झगा नको, त्यात मी नर्ससारखी दिसते.’

किर्सी: निळाच घातला आपण.

टेसा: ‘कॉफी पातळ करू नये. गाणी तीन, चौथं कोणी सुचवलं तर ऐकू नये. पेपरासाठी: मागे बहीण, भाचा, आणि मुलगी किर्सी...’

किर्सी: काय झालं?

टेसा: ‘मुलगी किर्सी, कंसात टेसा.’

किर्सी: परत वाच.

टेसा: ‘मुलगी किर्सी, कंसात टेसा.’ पेनाने लिहिलंय. खोडाखोड नाही.

किर्सी: तारीख?

टेसा: मार्च. तीन वर्षांपूर्वीचा.

किर्सी: बघू.

टेसा: भिजव नको. सगळ्या गावाला सांगणार होती ती, किर्सी! पेपरात, फोटोखाली. मग त्या तीन ओळी कशाला काढायच्या? परवा शेवटची तारीख आहे ना? घाल परत.

किर्सी: तिने मला सौन्यात सांगितलं, काढ. ते शेवटचं बोलणं.

टेसा: हे शेवटचं आहे. वरच लिहिलंय, शेवटचं पाकीट.

किर्सी: हे तीन वर्षांपूर्वीचं. सौन्यातलं त्या शनिवारचं. तीन वर्षं तिच्या मनात हे होतं, आणि तरी ती म्हणाली काढ.

टेसा: मग हे लिहिलं कशाला?

किर्सी: हे छापून येईल तेव्हा तिला काउंटरवर बसावं लागणार नव्हतं.

टेसा: आई आहे ती तुझी.

किर्सी: म्हणून तर मला माहीत आहे. मेल्यावर तिची हिंमत होती. जिवंतपणी माझ्यासाठी भीती होती. दोन्ही खरंच आहे. मी कोणतं ऐकू?

टेसा: तुझं तू काय म्हणतेस?

किर्सी: मला काही ऐकू येत नाही, टेसा. खरंच. आत कोणी बोलतच नाहीये. मला अर्जासाठी सल्ला देणाऱ्या बाईंचा फोन आला होता. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, वेळ वाईट आहे, पण निबंध आईवर लिही, वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेल.

टेसा: काय सांगतेस!

किर्सी: चुकीचं नाही सांगितलं. आई मेलेली लिहिता येते. त्याने कोणी नाक मुरडत नाही.

टेसा: लिहिणार आहेस?

किर्सी: नाही. तिने जो वाचला तोच पाठवणार. तीन ओळी काढून. ‘ओळखीची एक रोगी.’

टेसा: बरं.

किर्सी: रागावलीस?

टेसा: नाही. मोजे आणते आतून आणि निघते. सकाळी सहाला पिल्लांचं पाणी बदलायचंय.

किर्सी: डाव्याची टाच सैल आहे.

टेसा: घातली की बसेल.

*

डॉ. कोस्की: ये, बस. बाकीचे यायचेत. पाद्रीबाबांना गाडी लावायला जागा लागते, आणि त्यांना जागा म्हणजे अख्खं मैदान लागतं. कॉफी घेणार?

किर्सी: नको, डॉक्टर.

डॉ. कोस्की: लायब्ररीत पहिल्यांदाच भेटतोय आपण. नाहीतर तू नेहमी दवाखान्यात, काउंटरच्या मागे अभ्यास करत बसलेली. आता तिथे एक नवीन मुलगा आलाय. फायली नीट लावतो. पण येणाऱ्याचा चेहरा बघून कोणाला आधी आत सोडायचं, ते त्याला कळत नाही.

किर्सी: आईलाही सुरुवातीला कळत नसेल.

डॉ. कोस्की: तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. किर्सी, त्या रविवारी मी तिथेच होतो. माझाच कप भरायला येत होती ती.

किर्सी: तुम्ही सांगितलंत मला. दफनाच्या दिवशी.

डॉ. कोस्की: सांगितलं का? वय झालं.

किर्सी: तुम्ही अर्धा तास छाती दाबत होतात, असं रे म्हणाला.

डॉ. कोस्की: उपयोग नव्हता. मला पहिल्या मिनिटात कळलं होतं. पण सगळे बघत होते, थांबावंसं वाटेना... ते जाऊ दे. हा तुझा निबंध.

किर्सी: हो.

डॉ. कोस्की: चांगला आहे. आधीचा जास्त चांगला होता.

किर्सी: आधीचा?

डॉ. कोस्की: लोर्नाने त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी आणला होता. जेवणाच्या सुट्टीत. डबा बाजूला सारला आणि म्हणाली, हार्लन, वाच आणि खरं सांग, ह्याने पोरीचं नुकसान होईल का? डोळे लकाकत होते तिचे. अभिमान होता गं. मी वाचला. त्या तीन ओळींपाशी आलो.

किर्सी: आणि?

डॉ. कोस्की: आणि मी म्हटलं, काढायला सांग.

किर्सी: तुम्ही.

डॉ. कोस्की: मी. ती वाद घालत होती माझ्याशी. म्हणाली, मुलीच्या निबंधाचा जीव तिथेच आहे. मी म्हटलं, ह्या समितीत मी बारा वर्षं बसतोय, मला माहीत आहे. मग डबा न खाताच कामाला लागली.

किर्सी: मला म्हणाली, मत नाही, माहिती आहे.

डॉ. कोस्की: ती माहिती माझी होती. आणि आता महिनाभर मी हा कागद घेऊन बसतो आणि विचार करतो, ती माहिती होती की माझंच नाक? खरं सांगायचं तर मला कळत नाही. म्हाताऱ्या माणसाला आपली भीती आणि आपला अनुभव वेगळे करता येत नाहीत.

किर्सी: मला हे आज का सांगताय?

डॉ. कोस्की: दोन कारणं. एक, तू तिच्यावर रागावली असशील तर तो राग इकडे वळव. दुसरं, आज एक प्रश्न येणार आहे. दरवर्षी येतो. मागे ते दोन डॉक्टर आले आणि वर्षाच्या आत गेले, आठवतात? एकाच्या बायकोला हिवाळा सोसला नाही, दुसरीच्या नवऱ्याला काम मिळालं नाही. तेव्हापासून समिती प्रत्येकाला विचारते, तू शिकून परत आलास तर तुझ्याबरोबर इथे कोण राहणार?

किर्सी: सगळ्यांना?

डॉ. कोस्की: सगळ्यांना. पण प्रश्न मी विचारतो, तेव्हा तुझ्या वेळी मी तो गाळू शकतो. आई नुकतीच गेलीय, घरचं विचारायला नको, असं म्हणेन. कोणी हरकत घेणार नाही. चौघांचं मत तुझ्या बाजूने आहे, मी चाचपून पाहिलंय. जागा तुझी आहे, किर्सी. नुसती शांत बसून राहा.

किर्सी: आणि गाळला नाहीत तर?

डॉ. कोस्की: तर मला माहीत नाही. जुडिथचं सांगता येतं. पाद्रीबाबांचं सांगता येत नाही. रेचं तर त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

किर्सी: ही तिसरी वेळ आहे माझी.

डॉ. कोस्की: म्हणूनच म्हणतो. मी सांगतोय ते बरोबर आहे असं नाही. सोपं आहे, एवढंच.

किर्सी: टेसा बाहेर गाडीत बसलीय.

डॉ. कोस्की: आत का नाही आणलीस? थंडी आहे.

किर्सी: कोण म्हणून आणू?

डॉ. कोस्की: हं.

किर्सी: आले वाटतं ते.

(दार उघडतं. पाद्रीबाबा, जुडिथ, हेडमास्तर आणि रे आत येतात, कोट काढतात, खुर्च्या ओढतात. अर्धा तास बोलणं चालतं: खाण, शाळा, आजोबांचा खोकला. किर्सी सगळ्यांची उत्तरं नीट देते.)

डॉ. कोस्की: ठीक. मला वाटतं एवढं पुरे. एक नेहमीचा प्रश्न राहतो, घरच्या माणसांचा. पण लोर्नाला जाऊन दीड महिनाच झालाय. ह्या वेळी तो सोडून देऊ. चालेल ना सगळ्यांना? तर मग...

किर्सी: डॉक्टर, विचारा.

डॉ. कोस्की: गरज नाही, पोरी.

किर्सी: बाकीच्यांना विचारलात ना? मलाही विचारा.

डॉ. कोस्की: ...तू शिकून इथे परत आलीस, तर तुझ्याबरोबर इथे कोण राहणार?

किर्सी: टेसा. बाहेर गाडीत बसलीय ती. तुमच्यातल्या काहींनी तिला पाहिलंय, आईच्या दफनाला मागच्या बाकावर होती. मी तिला रूममेट म्हणत आले. ती माझी जोडीदार आहे. सहा वर्षं आम्ही एकत्र आहोत. निबंधातली ती ओळखीची रोगी म्हणजे तीच... एवढंच. हे मी तोंडाने पहिल्यांदाच बोलतेय. आईला लिहून दिलं होतं. सांगितलं नव्हतं.